उत्तरांसकट पुस्तक

मंगरूळपीरच्या दुकानात मी प्रोग्रॅमिंगची दोन पुस्तकं हातात घेऊन उभी होते. एक जाडजूड, त्यात प्रत्येक धड्याखाली 'करून पाहा' आणि पुढे कोरी जागा. दुसरं गाईड, शंभर प्रोग्रॅम उत्तरांसकट. सोबतच्या मैत्रिणीने विचारलं, "कोणतं घ्याव?"

मी ठसक्यात म्हणाले, "ज्या पुस्तकाले सोताले उत्तर मालूम नाही, ते आपल्याले काय शिकवीन?" दोघींनी गाईडच घेतलं.

आसेगावच्या विहारातल्या आमच्या अभ्यासिकेत तलाठ्यापासून पोलिसापर्यंत सगळ्या भरत्यांचा अभ्यास पाठ करूनच व्हायचा. मोबाईल दाराशी जमा करायचे आणि संगणक नव्हताच. मग आम्ही प्रोग्रॅमही एकमेकींकडून म्हणून घेतले, कंस आणि स्वल्पविरामासकट. वाशिमला फुकट प्रशिक्षणासाठी निवडचाचणी होती आणि जागा मोजक्याच. तिथे निवड झाली तर नोकरीला लागू, नाही तर पुन्हा भरतीचे फॉर्म भरत बसू. मैत्रिणीने त्यासाठी यंदाच्या भरतीचा फॉर्मच भरला नव्हता, तेही माझ्या भरवशावर.

चाचणीच्या खोलीत सरांनी मला संगणकापुढे बसवलं. "सातचा पाढा छापणारा प्रोग्रॅम लिहा."

गाईडात पाचचा होता. मी तोच टाइप केला, एकही चूक नाही.

"मी सातचा सांगितला होता."

"सर, पुस्तकात पाचचाच आहे."

ते हसले नाहीत. हसले असते तर परवडलं असतं. त्यांनी पाचच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हा बदला."

मी भीत भीत सात केला. पडद्यावर सात, चौदा, एकवीस उतरत गेले आणि मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले. एवढंच? वर्षभर मी शंभर प्रोग्रॅम डोक्यात कोंबले आणि त्यातलं काही बदलायचं असतं हे एकदाही मनात आलं नाही! त्या कोऱ्या जागा त्यासाठीच होत्या आणि मी शहाणी त्यांनाच नावं ठेवून आले होते. माझा मलाच असा संताप आला की रडूही येईना. सरांनी माझ्या नावावर काट मारली.

बाहेर मैत्रीण डोळे मिटून पुटपुटत होती. पुढचा नंबर तिचाच होता. मी तिचा दंड धरला. "ऐक, त्यातला आकडा..."

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "आता काई नको सांगू वं मले. पाठ केलेलं इसरून जाईन मी."

आणि ती आत गेली.