वीटभट्टीवर आलेले कॅमेरे

एकाहत्तर सालचा पावसाळा संपला आणि आमची बटालियन पूर्वेच्या सीमेवर हलली. मी नाईक होतो. माझ्या हाताखाली एक सेक्शन होतं. माझं गाव भाईंदरजवळचं पेणकरपाडा. घरची भातशेती आणि थोडं मिठागर. पाड्यातून फौजेत गेलेला मी पहिलाच, त्यामुळे आपल्या बोलीत बोलणारं कोणी पलटणीत भेटेल अशी आशा मी कधीच सोडली होती.

तिथे एका सकाळी खंदकातून आवाज आला, "मेली का जित्ती हाय गं तू?"

वाकून पाहिलं, तर एक लान्स नाईक वायरलेसच्या बॅटरीशी बोलत होता. आमच्या कंपनीला नवीन जोडून दिलेला ऑपरेटर.

"कुठला रं तू?" मी विचारलं.

"डोंगरी. उत्तनच्या अंगाला."

"मी पेणकरपाड्याचा."

त्याने हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघत राहिला. "म्हंजी इथं मरायला आपन दोगं शेजारी आलो!"

हा पास्कोल. घरी विधवा आई, ती भाजी घेऊन भाईंदरच्या बाजाराला जायची. त्याचं लग्न ठरत आलं होतं.

सीमेवरचे दिवस एकसारखे होते. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन खंदकात सज्ज राहणं, मग हत्यारांची सफाई, गस्त, खंदकांची डागडुजी. अधूनमधून समोरून तोफेचे गोळे यायचे. संध्याकाळच्या चहाला पास्कोल माझ्याकडे यायचा आणि आम्ही मनसोक्त आपल्या भाषेत बोलायचो. बाकीचे हसायचे. सुभेदार साहेब म्हणायचे, "ये दोनों का कोड दुश्मन कभी नहीं तोड़ेगा."

डिसेंबरात लढाई जाहीर झाली. आम्ही सीमा ओलांडून पुढे सरकलो. तिसऱ्या मुक्कामानंतर रस्त्यात एक वीटभट्टी लागली. भट्टीच्या आत शत्रूची मीडियम मशीनगन होती आणि समोर कापणी झालेलं उघडं शेत. ती घेतल्याशिवाय बटालियन पुढे जाऊ शकत नव्हती. हल्ल्याचं काम आमच्या कंपनीला मिळालं.

धुक्याच्या आडोशाने जायचं ठरलं होतं. अर्ध्या शेतात पोहोचलो आणि धुकं विरळलं. मशीनगन सुरू झाली. पहिल्याच फैरीत हवालदार तुकाराम पडले. गळ्यातून गोळी गेली होती. ते हाताने रक्त दाबत होते आणि दुसऱ्या हाताने आम्हाला पुढे जा म्हणून खुणावत होते. शिपाई धोंडूच्या मांडीचं हाड बाहेर आलं. तो ओरडत होता. पुढची फैर त्याच्यावरून गेली आणि ओरडणं थांबलं. आम्ही बांधामागे पडून राहिलो. बांध वीतभर उंचीचा. डोकं उचलणारा रामजी शिपाई तसाच मागे कलंडला.

कंपनी कमांडर मेजर साहेब माझ्या डावीकडे होते. त्यांच्या पाठीशी पास्कोल.

"आर्टिलरी माँगो," साहेब म्हणाले.

पास्कोलने सेटवर बोलायला सुरुवात केली. पहिला गोळा भट्टीच्या पलीकडे पडला.

"ड्रॉप हंड्रेड. ओव्हर." म्हणजे पुढचा गोळा शंभर मीटर अलीकडे टाका.

तेवढ्यात तो दुमडला. पोटात दोन गोळ्या लागल्या होत्या. मी सरपटत त्याच्यापर्यंत गेलो. त्याच्या गणवेशाखालून आतडं बाहेर येत होतं. एका हाताने ते आत धरून त्याने दुसऱ्या हाताने माइक तोंडाशी नेला. दुसरा गोळा चिमणीच्या पायथ्याशी पडला.

"टार्गेट," तो म्हणाला. आवाज अगदी नेहमीसारखा होता. "फायर फॉर इफेक्ट. ओव्हर." नेम बसला, आता सगळ्या तोफांनी मारा करा, असा त्याचा अर्थ.

मग माइक माझ्या हातात दिला. "नाईक, तू बोल आता. मला जमत न्हाय."

भट्टीवर गोळे पडू लागले. ते थांबताच साहेबांनी चार्जचा हुकूम दिला. मी माइक साहेबांच्या हाती दिला आणि सेक्शन घेऊन धावलो. विटांच्या बोळात ग्रेनेड टाकला, मागोमाग शिरलो. मशीनगनवर एकच जण शिल्लक होता. कानातून रक्त वाहत होतं. मला पाहून त्याने कमरेचं पिस्तूल उपसलं. मी बायोनेट घातलं. ते बरगड्यांत अडकलं, निघेना. मी घोडा दाबला. तो विटांवर बसला आणि बसल्या बसल्या मेला. वीस-एकवीस वर्षांचा असेल. मिशी नीट फुटली नव्हती.

परत आलो तेव्हा पास्कोल गेला होता. मी त्याच्यावर ग्राउंडशीट, जमिनीवर अंथरायचं मेणकापड, घातली.

दुपारी एक जीप आली. मुख्यालयाच्या परवानगीने एक परदेशी कॅमेरामन आणि त्याच्यासोबत आपला एक दुभाषी. कॅमेरामनच्या देशाचं सैन्य तेव्हा आशियातच दुसरीकडे लढत होतं. त्याने आमच्याकडे कॅमेरा वळवलाच नाही. तो थेट भट्टीत गेला आणि त्या मेलेल्या पोराच्या चेहऱ्यासमोर गुडघ्यावर बसला. माश्या बसल्या होत्या. त्याने त्याही टिपल्या. मग शेतात येऊन त्याने पास्कोलवरची ग्राउंडशीट उचलायला हात घातला.

मी त्याच्या कॅमेऱ्यासमोर हात धरला.

दुभाषी म्हणाला, "ते म्हणतात, आमच्याकडे लोक जेवताना टीव्हीवर आमचे मेलेले सैनिक बघतात. बघितल्याशिवाय लोकांना लढाई कळत नाही."

"त्यांना सांगा, याच्या आईला अजून कळलेलं नाही."

मेजर साहेब बघत होते. कॅमेरामनने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ग्राउंडशीट पुन्हा नीट केली. पास्कोलला आम्ही तिथेच जवळच्या नदीकाठी पुरलं.

दुसऱ्या दिवशी आपल्याकडची माहितीपटवाली मंडळी आली. त्यांना हल्ला हवा होता. हल्ला होऊन गेला होता, म्हणून तो पुन्हा करायचा ठरला. शेतातलं रक्त मातीने झाकलं. धुराचे डबे पेटवले. आम्ही तीनदा धावलो. दिग्दर्शक ओरडत होता, "चेहऱ्यावर जोश पाहिजे!" पास्कोलचा सेट दुसऱ्या एका शिपायाच्या पाठीवर दिला होता. कोणी पडायचं नाही, अशी सूचना होती.

लढाई संपली. रजेवर आल्यावर मी डोंगरीला गेलो. पास्कोलच्या आईने एकच प्रश्न विचारला, "तरास झाला का त्याला?"

"झाला, मावशी. पन शेवटपर्यंत काम केला त्यानं."

ती चुलीकडे गेली. मग माझ्यापुढे जेवण वाढलं.

त्याच रजेत भाईंदरला मैदानावर पडदा लावून तो माहितीपट दाखवला. मावशी डोंगरीच्या बायकांबरोबर आली होती. पडद्यावर आम्ही धावलो. बँड वाजत होता. पाठीवर सेट घेतलेला जवान हसत पुढे आला, तशी मावशी उभी राहिली.

"माजा पास्कोल! बघा, माजा पोर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचा माणूस मला म्हणाला, "राहू दे. म्हातारी खूश आहे." मला ते जमलं नाही. पास्कोलचं मरण दुसऱ्याच्या हसण्याखाली जाऊ देणं मला जमलं नाही. मी तिच्याजवळ गेलो.

"मावशी, तो न्हाय. हे मागाहून काढलंय."

ती खाली बसली. "मंग माजा कुठं हाय?"

"यात न्हाय तो."

पंचाहत्तरच्या सुमारास मी फौज सोडली आणि भाईंदर पूर्वेला एका कारखान्यात लागलो. रविवारी मावशीकडे जाऊन येत असे. एकदा तिनेच निरोप धाडला. मुंबईचे एक पाद्री देवळाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, हॉलमध्ये परदेशातला माहितीपट दाखवणार होते, बंदुकीवरचा. त्यात आपली लढाईही आहे, असं तिला कळलं होतं.

"नको जाऊस," मी म्हणालो.

"पयला खोटा होता, तूच बोल्लास. आता खरा बघते."

पाद्री एकेक वाक्य मराठीत सांगत होते. आधी त्या कॅमेरामनच्या देशातलं एक शहर आलं. दुकानाच्या काचेआड रायफली मांडलेल्या. गिऱ्हाईक येतं, पैसे देतं, बंदूक घेऊन जातं. हॉलमध्ये कुजबुज झाली. मग फुटपाथवर गोळी लागून पडलेला एक तरुण आणि त्याला हलवणारी त्याची आई. तिथे लढाई नव्हती. शेजाऱ्याशी भांडण झालं होतं, एवढंच.

"घरात ठेवतात बंदुका?" मावशीने मला विचारलं.

"ठेवतात म्हणे."

मग आमची वीटभट्टी आली. मी चिमणी ओळखली. शेतात एक ग्राउंडशीट, खाली दोन बूट, बाहेर आलेला एक हात. चेहरा नव्हता. मावशीने माझं मनगट धरलं. तिला सांगावं लागलं नाही.

त्यापाठोपाठ भट्टीतला पोर आला. पूर्ण पडदाभर चेहरा. माश्या. कॅमेरा हलतच नव्हता.

"ह्याच्यावर कोनी कापड नाय घातला?"

"नाही."

"कोनी मारला?"

"मी, मावशी."

तिने माझं मनगट सोडलं नाही. पडद्यावर दुसरं काही सुरू झालं तरी ती त्याच जागी बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "त्याच्या आयनं बगितला असंल काय रं ह्यो?"



त्या नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मी तिच्याबरोबर डोंगरीच्या देवळात गेलो. गावचे पाद्री मेलेल्यांची नावं वाचणार होते. मिस्साच्या प्रार्थनेआधी मावशीने त्यांना बाजूला घेतलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. वाचन सुरू झालं. पास्कोलचं नाव आलं. त्यानंतर पाद्री क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आणि त्याच दिवशी, त्याच जागी मेलेला एक मुलगा. नाव देवाला ठाऊक."

मावशीने छातीवर क्रुसाची खूण केली. मी सावधानमध्ये उभा राहिलो. हवालदार तुकाराम, शिपाई धोंडू आणि शिपाई रामजी ही नावं माझी मीच घेतली.