लाभाचा रकाना

रोह्यातल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाच्या शेवटी, गेल्या उन्हाळ्यात, मी हितसंबंध जाहीर करण्याच्या छापील नमुन्यात ‘होय’ असे लिहिले. ठेकेदारांच्या सरकारी कामांवर देखरेख करणारी मी कनिष्ठ अभियंता. तेव्हा माझ्याकडे धरमतर खाडीच्या एका बांधाचे काम होते. त्या बांधाच्या आत वडिलांची दोन भातखाचरे आहेत.

सभागृहाचे पडदे ओढलेले होते, पंखे सावकाश फिरत होते. ठेकेदाराच्या गाडीतून कामावर जावे का, स्वतः मोजल्याशिवाय सही करावी का, असे प्रश्न भिंतीवर उजळत आणि विझत. बाहेरून धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्टची बस गेली की पडदा हलायचा आणि उजेडाचा पट्टा ओहोटीच्या पाण्यासारखा फरशीवरून मागे सरायचा. डोळे जड होत. मग बांध दिसे: एका बाजूला भरलेली खाडी, दुसऱ्या बाजूला तिच्याहून खोल शेते आणि मधे मातीची एक रेघ, तरंगत असल्यासारखी.

नमुन्यात एक रकाना होता: या कामातून आपणास वा कुटुंबास लाभ होणार आहे काय?

मी शिकवणाऱ्या निवृत्त अभियंत्यांना विचारले, “सर, बांध टिकला तर आमच्या शेतात खारं पाणी येणार नाही. हा लाभ धरायचा का?”

“विचारावंसं वाटलं ना? मग धरा.”

शेजारी बसलेला पेणचा सहकारी हळूच म्हणाला, “म्हणजे खाडीकाठच्यानं बांध बघायचाच नाय. घाटावरचा आणा एखादा, पोहता न येणारा.”

भीती मलाही तीच होती. बांध वरून पक्का दिसतो. खेकड्यांची बिळे पायथ्याला, चिखलात असतात. उधाणाचे पाणी तिथून शिरते आणि बांधाला खांड पडते, तो फुटतो. त्या जागा माझ्या पायांना लहानपणापासून ठाऊक होत्या. नव्या माणसाच्या नजरेतून त्या सुटल्या असत्या, तर शेते गेली असती.

घरी आत्याला सांगितले. तिची उमर मिठागरात गेली.

“खरं लिवलंस, बरं केलंस गो,” ती म्हणाली. “आता बूटवाला सायेब येल. चिखल बघल नि लांबूनच सही करल.”

आठवड्याने आदेश आला. बांध साताऱ्याकडच्या एका अभियंत्याकडे गेला, मला वरसे गावातल्या गटाराचे काम मिळाले. माहिती लेखी द्यायला हरकत नाही, असे सरांनी फोनवर सांगितले. मी बिळांच्या सहा जागांची यादी कार्यालयात दिली आणि पोच घेतली. वरसेत कोरड्या चराच्या कडेला उभे असताना, दुपारी, खाडीत आता पाणी कुठवर चढले असेल ते आपोआप कळत असे.

पुढच्या उधाणाच्या आधी नव्या अभियंत्याचा पाहणी अहवाल आला. यादी जोडलेली असल्याने एक प्रत माझ्याकडेही आली. बिळे सात जागी नोंदली होती. सहा माझ्या यादीतल्या होत्या. सातवी आमच्या खाचरांसमोर होती, माझ्या पायांना कधीच न लागलेली.