पेचकस मॅडम आणि फाटकावरची वचनं

पेचकस मॅडम बिघडलेल्या संगणकाला आधी कान लावायच्या, मग हात. डोळे मिटून यंत्राच्या पाठीला गाल टेकवला की अख्खा वर्ग गप्प व्हायचा. "पंखा अडकून राहिला," त्या म्हणायच्या. मग पर्समधून पेचकस निघायचा. आमच्या गोंदियात स्क्रूड्रायव्हरला पेचकसच म्हणतात, म्हणून हे नाव पडलं. त्यांचं निदान सहसा चुकत नसे, आणि मला त्याचा राग यायचा.

आमच्या शिक्षणसंस्थेच्या मुलींच्या शाळेत मी संगणक विभागाचा प्रमुख, नागपूरहून एमसीए केलेला. त्या परिचर. मूळच्या चिचगडच्या, आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती शिकलेल्या. विभागात माणसं आम्ही दोनच. पण कुठलंही यंत्र अडलं की मुली माझ्यासमोरून जाऊन विचारायच्या, "मॅडम कुठं आहेत?" माझ्या घरातही तेच. फुलचूरला आमच्याकडे मुलीचा टॅब बंद पडला तेव्हा मी म्हणालो, नवा घेऊ. ती म्हणाली, "पप्पा, आधी मॅडमला दाखवू ना." दुसऱ्या दिवशी टॅब चालू होऊन आला. बायकोनं खूश होऊन मॅडमसाठी लाडवांचा डबा दिला. तो शाळेत नेऊन द्यायचं कामही माझ्याकडेच आलं.

एकदा आमचे सचिव नागपूरच्या एका सभेहून भारावून आले. तिथं काही संस्थांनी आपण होऊन जाहीर केलं होतं की संगणक, मोबाइल, इंटरनेट आम्ही जपून वापरू, यंत्रं उगाच फेकणार नाही, आणि दर वर्षी काय केलं ते लोकांना सांगू. सरकारचा आदेश नाही, कुणाची सक्ती नाही. "सर, आपल्या संस्थेसाठीही लिखो. एकदम बढिया," सचिव मला म्हणाले. मी आठवडाभर खपून बारा कलमांचा मसुदा केला.

शिक्षकांच्या बैठकीत मी तो वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. मग मागून पेचकस मॅडमचा आवाज आला.

"सर, हे 'यथाशक्य' म्हंजे केवढं?"

"म्हणजे जेवढं शक्य होईल तेवढं."

"मंग काढून टाका नं थे. त्याच्यानं सारंच निसटून जाते."

लोक हसले. सचिवही हसले. 'यथाशक्य' गेलं, त्याच्यामागे 'शक्यतो' आणि 'प्रयत्नशील राहू' गेले, आणि बारा कलमांची चार साधी वचनं उरली. दुरुस्त होईल ते यंत्र फेकणार नाही. गरज नसलेलं यंत्र चालू ठेवणार नाही. निकामी झालेलं भंगारात न देता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत केंद्रालाच देऊ. आणि दर पंधरा ऑगस्टला याचा हिशोब इथंच लिहू. फाटकावर मोठा फलक लागला. कागद माझा होता, पण गावभर बोलबाला झाला तो मॅडमच्या वचनांचा.

त्यांनी मेलेले संगणक उठवले, त्यांच्यात जुन्या यंत्राला पेलेल अशी हलकी कार्यप्रणाली घातली आणि सालेकशाच्या आमच्या शाखेतल्या मुलींकडे पाठवले. जे उठणारच नव्हते ते कोठीत रचून प्रत्येकावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली. एवढं कशाला करता, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या आज्याच्या घरचे तलाव बांधत. बांधला म्हंजे झालं नाही होत सर. दर वर्सी पारीवर, बांधावर फिरा लागते, कुठं झिरपून राहिला तं पाहा लागते."

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या चिचगडला गेल्या असताना तपासणी समिती येणार असल्याचं कळलं. सचिव म्हणाले, कोठी रिकामी करा. केंद्राची गाडी यायला पंधरा दिवस लागणार होते. मॅडमना फोन केला असता तर त्यांनी त्या संगणकांच्या पेट्या एखाद्या वर्गात हलवल्या असत्या. मला ते ठाऊक होतं. पण चिठ्ठ्यांवरचं ते गोल, नीटस अक्षर बघून माझ्या मनात काहीतरी वाकडं आलं. मी भंगारवाल्याला बोलावलं. गाडा भरून फाटकातून बाहेर पडला, त्या फलकाखालूनच. मला हलकं वाटलं, हे लपवत नाही.

सुट्टीहून परतल्यावर त्यांनी विचारलं, "सर, सामान कुठं गेलं?"

"केंद्रात पाठवलं."

त्यांनी केंद्राची पावती मागितली, ती माझ्याकडे नव्हती. स्कूटी काढून निघून गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा त्यांच्या साडीला जळक्या रबराचा वास होता. त्यांनी सांगितलं, गावाबाहेर भंगारवाल्यानं तांब्यासाठी तारांचे ढीग पेटवले होते, आणि त्या धुराशेजारीच दोन बायका फुटलेल्या पेट्या निवडत बसल्या होत्या. मॅडमनी माझ्या टेबलावर अर्धवट जळालेली एक चिठ्ठी ठेवली.

"मले काऊन नाही सांगतलं?" एवढंच विचारलं.

पंधरा ऑगस्ट जवळ आला. मी फलकासाठी मजकूर लिहिला होता, 'सर्व वचनांचे पालन झाले.' तो वाचून मॅडम तडक सचिवांकडे गेल्या. मी तिथंच होतो.

"जाने दो ना बाई, कोण वाचतं?" सचिव म्हणाले.

"लिवाले कोनी सांगतलं होतं का आपल्याले? आपनच होऊन लिवलो नं. मंग मोडलं तं तेबी आपनच लिवाचं."

सचिवांनी माझा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "लिखो."

मॅडमनी ब्रश घेऊन स्वतः लिहिलं, 'यंदा तिसरं वचन मोडलं. जुनी यंत्रं भंगारात गेली, तारा जाळल्या गेल्या. जबाबदार: संगणक विभाग.' माझं नाव त्यांनी लिहिलं नाही. दोघांच्या विभागातली निम्मी लाज स्वतःकडे घेतली. मी त्या दिवशी ताप आल्याचं सांगून घरी बसलो. मॅडम दिवसभर फाटकाशी उभ्या राहून पालकांना उत्तरं देत होत्या. मला वाटलं होतं, संस्थेची छीथू होईल. झालं उलटंच. पुढच्या महिन्यात पालक बंद मोबाइल, फुगलेल्या बॅटऱ्या घेऊन येऊ लागले. ही शाळा खरं सांगते, म्हणायचे. माझा हेवा त्यानंतर कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

तीन वर्षांनी देवरीला दुरुस्ती शिकवणारं केंद्र निघालं आणि मॅडमना तिथं बोलावणं आलं. निरोपाच्या दिवशी प्रयोगशाळेत आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी सांगून टाकलं. "मॅडम, ती यंत्रं मी घाईनं नाही दिली. तुमच्या हेव्यानं दिली."

"मालूम होतं मले," त्या वायर गुंडाळत म्हणाल्या. "मलेबी तुमचा हेवा वाटे सर."

"माझा? कशाचा?"

"तुमाले खुर्ची होती. मी चवदा वर्स स्टुलावर बसली. पाठ दुखे माही. तुमाले कदी दिसलं नाही."

त्या गेल्या. मी त्या रिकाम्या स्टुलावर जाऊन बसलो. टेकायला मागे काहीच नव्हतं. पाच मिनिटांत पाठ भरून आली. चौदा वर्षं ही बाई माझ्यासमोर अशी बसून होती, हेवा करत होती, आणि त्या हेव्यातून तिनं माझं एकदाही वाईट केलं नव्हतं. आता मला तिच्या कसबापेक्षा याचाच हेवा वाटतो.