कमरेवरचा वळ

माय अंथरुणाला खिळली त्या वर्षी लातुरात नळाला पाणी येणं बंद झालं होतं. मी नांदेडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो. आठवडाभर तिकडे राहायचो आणि शनिवारी दुपारच्या एसटीने घरी यायचो. मायजवळ आक्का असायची, माझी थोरली बहीण. लकव्याने मायची उजवी बाजू गेली होती, बोलणं मात्र शाबूत होतं. डॉक्टरांनी आक्काला सांगितलं होतं की हिला औषधापेक्षा स्वच्छता हवी. रोज अंग पुसा, चादर बदला, कूस बदला. एकदा का जखम झाली, तर या वयात ती भरून येणार नाही.

अंग पुसायला आणि चादरी धुवायला पाणी लागतं. गल्लीत टँकर यायचा तो आठ-दहा दिवसांनी, आणि त्या पाण्याचा वास तुरटी फिरवूनही जात नसे. शेजारच्या व्यापाऱ्याच्या घरी बोअरला थोडं पाणी होतं. त्यांची सून आक्काला म्हणाली, घागरभर नेत जा. मायने ते ऐकलं.

"लहानपणी आडापाशी दुपार दुपार उभी राहिले," ती म्हणाली, "कोणी वरून वततंय का बघत. आता मरतानी न्हाई उभं राहायचं."

"माय, त्या आपणहून म्हणल्या," आक्का म्हणाली.

"म्हणू दे."

म्हणून पाणी मी नांदेडहून आणू लागलो. कॉलेजच्या आवारातलं बोअर अजून चालू होतं. एका सहकाऱ्याने डोंगर चढायची आपली जुनी सॅक दिली. तिच्यात पाण्याचे चार कॅन उभे बसत. "सर, वजन खांद्यावर घेऊ नका, कमरेवर घ्या," असं सांगून त्याने सॅकची रुंद पट्टी माझ्या कमरेला आवळून दिली. खांदे हलके झाले खरे, पण त्या पट्टीखाली माझ्या पँटचा पट्टा होता, आणि वजन सगळं त्याच्यावर येई.

पट्टा साधा चामड्याचा, जाड बक्कल असलेला. एरवी तो आहे हेही लक्षात येत नसे. आता पहिल्या फेरीतच बक्कल बेंबीखाली रुतलं. पुढच्या वेळी मी ते सरकवून डाव्या बाजूला घेतलं, तर ते नेमकं कमरेच्या हाडावर आलं. शनिवारच्या गाडीत बसायला जागा नसे. सॅक वाटेत ठेवली की कंडक्टर ओरडायचा, म्हणून अहमदपूरपर्यंत ती पाठीवरच ठेवून उभा राहायचो. घरी पोचून कपडे बदलताना हाडावर लाल वळ दिसे. पट्टा न लावताही जाऊन पाहिलं. मायच्या काळजीने मी इतका उतरलो होतो की पँट राहीना.

नांदेडच्या बाजारात पट्टे विकणारा एक माणूस फुटपाथवर बसत असे. त्याला मी बक्कल न टोचणारा पट्टा मागितला.

"न टोचणारा?" तो म्हणाला. "सर, पँटीसाठी पाहिजे का बैलासाठी?"

"पाठीवर ओझं असतं. बक्कल आत रुततं."

"मग बैलासाठीच की." त्याने कापडी पट्टा पुढे केला, पोलिसांचा असतो तसा, पितळी पट्टीचा. तो मी घेतला. पट्टी चपटी होती, पण ओझ्याखाली पट्ट्याची कड दुमडून दोरीसारखी व्हायची आणि कातडी सोलून काढायची. पुढच्या आठवड्यात भरलेली सॅक घेऊनच परत गेलो.

"आलात का? काय भरून राहिलात हो सर त्या पिशवीत?"

"पाणी. लातूरला न्यायचंय."

तो मग हसला नाही. गाठोड्यातून त्याने विणलेल्या इलॅस्टिकचा पट्टा काढला. त्याला भोकं नव्हती आणि चाप प्लास्टिकचा, बोटाच्या नखाएवढा पातळ. त्याच्या दुकानापुढेच मी सॅक चढवून चालून पाहिलं. चाप मधोमध आला. हाडावर काहीच आलं नाही.

त्या शनिवारी गाडीत नव्या जिल्ह्याचा विषय निघाला होता. उदगीर जिल्हा होणार, असं कोणी म्हणत होतं. एक म्हातारा म्हणाला, "लातूर झालं तवा पेढे खाल्ले आम्ही. आता नळाला हवा येऊन राहिली. अजून एक करा, तिथं बी हवा येऊ द्या." सगळे हसले. मीही हसलो. मला कुठेच दुखत नव्हतं. चालत घरी पोचलो तेव्हा वाटलं, आता हे पुष्कळ दिवस जमेल.

रविवारी सकाळी कपडे बदलताना पाहिलं तर जुना वळ फिकट होत आला होता. हाडावर बोट ठेवून मी तसाच उभा राहिलो. आत आक्का मायचं अंग पुसत होती. अशा वेळी मी नेहमी बाहेर थांबायचो. आईला नेसवताना मुलगा खोलीत नसतो, हे आमच्यात कोणाला सांगावं लागत नाही. मी दारातूनच विचारलं, "आक्का, परकराच्या नाडीची गाठ कुठं येते?"

"कुठं म्हंजे? डाव्या कुशीला. सगळ्यांचीच येती."

उजवं अंग गेल्यापासून माय डाव्या कुशीवरच निजायची. उजवीकडे वळवलं की श्वास कोंडतो म्हणायची, अन् थोड्या वेळात परत डावीकडे करायला लावायची.

"गाठीखाली बघ," मी म्हणालो.

आतून मायला वळवल्याचा आवाज आला. मग आक्का म्हणाली, "लाल झालंय." आणि थोड्याने, "न्हाई रे. काळं पडलंय."

त्याच दिवशी तिने परकरात इलॅस्टिक ओवलं. गाऊन घालायला माय तयारच नव्हती. इलॅस्टिक चाचपून ती म्हणाली, "हे काय ग, पोरीच्या चड्डीवानी?" आम्ही तिघंही हसलो. दुपारी तिने नाडी परत मागितली. काही नेसल्यासारखंच वाटत नाही, म्हणाली. लोक बघायला येतात, त्यांच्यापुढे उघडं पडल्यासारखं वाटतं, म्हणाली. आक्काने नाडी घातली, पण गाठ पुढे, पोटावर बांधली. संध्याकाळी पाहिलं तर मायने चांगल्या हाताने ती सरकवत सरकवत डाव्या कुशीला नेली होती. उभा जन्म ती गाठ तिथेच होती. रागावून काय उपयोग?

जखम फुटली. डॉक्टर रोज उकळलेल्या पाण्याने धुवायला सांगून गेले. मी आठवड्यातून दोनदा येऊ लागलो. बुधवारी रजा टाकायचो. पट्टा उत्तम होता. त्याने मला एकदाही त्रास दिला नाही. आक्का म्हणायची, "तुझं पाणी हाय म्हणून वास न्हाई." जखम स्वच्छ राहिली आणि स्वच्छच खोल होत गेली. शेवटी शेवटी आत हाड दिसत होतं, असं आक्काने पुढे कधीतरी सांगितलं. मी ते पाहिलं नाही.

मिरगाच्या थोडं आधी, सकाळी ग्रंथालयात फोन आला. फोन ठेवल्यावर मी बोअरवर जाऊन चारही कॅन भरले. आंघोळ घालायला पाणी लागणारच होतं. सॅक चढवली आणि स्टँडवर गेलो.

घरी बायका जमल्या होत्या. पाणी आत दिलं आणि मी दाराबाहेर बसलो. आतलं सगळं ऐकू येत होतं. पाणी ओतल्याचा आवाज थांबला. कोणीतरी पांढरं लुगडं आणायला सांगितलं. तेवढ्यात आक्काने कापूस आणि पट्टीची गुंडाळी मागितली.

"आता कशाला ग पट्टी, बाई?" एक म्हातारी म्हणाली.

"लुगडं घासंल," आक्का म्हणाली.