एन्टरखालचं खोडरबर

माझ्या मुलीच्या ऑफिसातला तो कीबोर्ड पाहिल्यापासून तिथल्या पेल्यातून पाणीसुद्धा प्यावंसं वाटेना. कळांच्या फटींत बिस्किटांचा चुरा, केस, चहाचे वाळलेले ओघळ. आणि एन्टरची कळ कायम दाबलेली राहावी म्हणून तिच्या कडेला कोंबलेला खोडरबराचा तुकडा. चुऱ्यापेक्षा मला त्या तुकड्याचीच जास्त शिसारी आली.

ही माझी धाकटी. घरात तिला चौकशीबाई म्हणतात. लहानपणी नळ गळायला लागला की आम्ही खाली बादली सरकवायचो आणि ही बेसिनखाली घुसून बसायची. "पण गळतोय कुठून?" बाहेर ओढून काढलं तरी परत आत. संगणकाचं शिकली आणि औषधांच्या खोक्यात घडी घालून येतात ना, ती माहितीपत्रकं तयार करणाऱ्या ऑफिसात लागली. बसून काम, घरापासून जवळ. मला हायसं वाटलं होतं.

काम साधं. औषध कंपनी मजकूर पाठवते, टायपिस्ट बाई तो फाईलमध्ये नीट बसवतात, आणि मग एक स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला आधीच लिहून दिलेल्या सूचना, एकेक फाईल आपोआप उघडते, छपाईसाठी तयार करते आणि छापखान्याला धाडते. माणसाने हात लावायचा नाही. फक्त ही स्क्रिप्ट रोज सकाळी मध्येच अडायची. का अडते, कुणी बघितलं नव्हतं. संगणक बंद करायचा, चालू करायचा, परत नशीब आजमावायचं.

चौकशीबाईंना हे कुठलं चालायला! फाईल उघडणारा प्रोग्रॅम पडद्यावर न दिसता मागच्या मागे चालायचा, तो तिने दिसेल असा केला. बघते तर मधोमध एक चौकट: ही फाईल मागच्या वेळी नीट बंद झाली नव्हती, तेव्हाची जुनी प्रत उघडू का? प्रोग्रॅम उत्तरासाठी ताटकळलेला, स्क्रिप्ट प्रोग्रॅमसाठी ताटकळलेली, आणि अख्खं ऑफिस दोघांसाठी.

मग पुढची चौकशी. फाईल नीट बंद का होत नाही? तर ऑफिसचे साहेब संध्याकाळी निघताना मेन स्विच खाली ओढतात. विजेची बचत! संगणकाच्या पोटात काय चाललंय ते न बघता, खट्‌कन.

"सर, आधी प्रोग्रॅम बंद करू आणि मग स्विच," हिने सांगितलं. "आणि असा प्रश्न आला की स्क्रिप्ट आपल्याला हाक मारेल, असं लिहून देते मी. थोडा वेळ द्या."

"वेळ कशाला? उत्तर 'हो'च द्यायचं ना? मग पुढे चला!"

'पुढे चला' हे त्यांचं पालुपद. माघारी सगळे त्यांना पुढेचला म्हणूनच ओळखतात. त्यांनी स्वतःच्या हाताने खोडरबर तोडलं आणि कोपऱ्यातल्या त्या संगणकाच्या एन्टरमध्ये कोंबलं. आता कुठलाही प्रश्न येवो, उत्तर 'हो'. स्क्रिप्ट धडाधड पळू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवायचे, "बघा, फुकटात ऑटोमेशन!"

ही घरी येऊन चिडचिड करायची. मला आपली एकच धास्ती, हिच्या या तोंडाने नोकरी टिकते की जाते.

एक दिवस ही चष्मा घरीच विसरून गेली. तो द्यायला मी ऑफिसात गेले. बेसिनमध्ये कपांचा ढीग, त्यावर चिलटं. ही छापखान्यातून नमुन्याला आलेलं पान नाकाला लावून उभी होती.

"आई, दे आधी."

चष्मा चढवला, पान वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला. लहान मुलांच्या तापाच्या सिरपचं पत्रक. वर्षाच्या आतल्या बाळाला एक चमचा, असं छापलेलं. कंपनीने आदल्या दुपारीच कळवलं होतं, एक नव्हे, अर्धा करा.

टायपिस्ट बाई रडायच्या बेतात. "अगं, मी केला होता गं अर्धा! सेव्हसुद्धा केला होता!"

"केला असणार. सकाळी प्रोग्रॅमने बदलाआधीची जुनी प्रत उघडू का विचारलं, आणि खोडरबर हो म्हणालं."

तेवढ्यात साहेब दात कोरत केबिनमधून बाहेर आले. "काय सभा भरलीय?"

"सर, सिरपचं पत्रक चुकीचं गेलंय. छापखान्याला थांबवा."

"आता कुठे थांबवतेस? पुढच्या खेपेला बदलू. आणि ते पत्रक वाचतं कोण? खोकं फोडलं, बाटली घेतली, कागद फेकला. काय काकू, तुम्ही वाचता?"

"वाचते," मी म्हटलं. "ही तान्ही होती तेव्हा ओळ न् ओळ वाचलीय."

"तुमच्यासारख्या हजारात एक!" ते हसले. कोरणीच्या टोकाला निघालेलं त्यांनी निरखून पाहिलं आणि परत तोंडात घातलं. मग हिच्याकडे वळून ते गोड आवाजात म्हणाले, "कंपनीला कळलं तर विचारतील, स्क्रिप्ट कोण बघतं? तू. मग चूक कुणाची ठरेल? विचार कर, आणि पुढे चल."

हिने विचार केला नाही. फोन उचलला आणि स्पीकर लावला. पलीकडे छपाईच्या मशीनची धडधड.

"मशीन थांबवा. सिरपच्या पत्रकात औषधाची मात्रा चुकलीय."

"साहेबांचा निरोप आहे का?" छापखानेवाल्याने विचारलं.

"नाही. माझा आहे."

"असं कसं थांबवू, ताई? साहेबांना द्या."

हिने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मशीन धडधडत होतं. मला राहवेना. मी फोनपाशी वाकले.

"दादा, मी हिची आई बोलतेय. तान्ह्या बाळाच्या पोटात दुप्पट औषध जाईल हो. थांबवा ना."

पलीकडची धडधड थांबली.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. त्यांचे हात अजून खिशातच.

पुढचं टायपिस्ट बाईंकडून कळलं. चुकीची पानं रद्द झाली, नवी छापली. कंपनीच्या माणसांपुढे साहेब छाती काढून म्हणाले, "आमची तपासणीच कडक आहे, चूक निसटत नाही." कंपनी खूश. आणखी औषधांचं काम मिळालं. ऐकून माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

आणि काल त्या माणसाचा हिला फोन. मी शेजारीच भाजी निवडत होते.

"झालं गेलं सोड गं. काम वाढलंय, ये परत. पगाराचं बघू."

खोटं कशाला सांगू, माझा जीव भांड्यात पडला. महिनाभर ही घरात बसून आहे, अर्ज करतेय, कुठून उत्तर नाही. मी खुणेने 'हो म्हण' म्हणणारच होते.

"सर, स्क्रिप्टने प्रश्न विचारला तर माणूस येऊन वाचणार का?"

"अगं, माणूसच बसवायचा तर स्क्रिप्ट कशाला? तू ये तर खरी. सगळं छान पळतंय. आता तर नवा कीबोर्डसुद्धा आणलाय, त्यालाही खोडरबर बसवलंय फिट्ट!" पलीकडून तेच हसू. मला ती कोरणी दिसली.

"मग नाही," म्हणून हिने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी रागावेन असं तिला वाटलं असावं.

"हात धू आणि जेवायला बस," मी म्हटलं.

"फोनवर तर बोलले, आई."

"तरी धू. साबण लावून."