लाल झालं, पण दुखलं न्हाय

दोस्तांनो, अंगावरचा काटा अजून गेला न्हाय.

सकाळी थोरला भाऊ अण्णा आन् मी जांबोटीच्या रानातनं चालत येत होतो. मी एका शेकरूच्या मागं लागलेलो, तेवढ्यात झाडाआडनं अण्णानं बारीक आवाजात हाक मारली. लघवीला गेलता. पानांवर लालभडक रक्त.

"दुखतंय काय अण्णा?"

"अजिबात न्हाय. रान राखणाऱ्या जागेवाल्या देवाला विचारल्याबिगर बसलो न्हवं, म्हणून."

त्यानं हात जोडून देवाला नारळ बोलला. पुढं ओढ्यापाशी लघवी पाण्यासारखी स्वच्छ झाली. अण्णा हसला. मला मात्र रान लई गप वाटलं.

ओढूनच बेळगावला दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खडा असला तर कळ येते, इन्फेक्शनला जळजळ होते. बीट खाल्लं तरी कधी लाल होते. पण न दुखता रक्त येऊन आपोआप थांबतं, त्याची मला जास्त भीती वाटते. कॅन्सर नाही ना, बघायला पाहिजे. बिडी ओढता?"

अण्णानं खिशातलं बंडल हळूच आत सारलं. आम्ही तंबाखूच्या निपाणीचे, आमच्यात मिशीआधी बिडी येते.

उद्या कॅमेऱ्यानं लघवीची पिशवी तपासायची हाय. अण्णा आत्ता शेजारी बसून म्हणतोय, "देवानं माफ केलंय रं, आता कशाला जायचं?"

काय बोललो तर हा माणूस उद्या उठून दवाखान्यात येईल, सांगा.