एक कपाट, बारा वाचनालयं

आम्ही चार जुने सहकारी चहाला बसलो की संस्थेचे किस्से निघतात, आणि चहा निवतो तरी किस्से संपत नाहीत. अमरावतीच्या त्या संस्थेत मी पाच वर्षं होतो. खेड्यातल्या शाळांना वाचनालयं देण्यासाठी आम्हाला परदेशातून फंड यायचा. कागदावर बारा वाचनालयं होती. प्रत्यक्षात पुस्तकांचं एकच कपाट होतं, आणि ते गजूभाऊंच्या टेम्पोत राहायचं!

*

फंड देणारे पाहुणे जिथे जाणार, तिथे कपाट आदल्या दिवशी पोचायचं. बडनेऱ्यात एका पाहुण्यानं कपाटाच्या दारावरचा पोचा ओळखला. "असाच पोचा अकोल्यातही होता ना?" दुभाषी मी. मी प्रश्न मराठीत सांगितला. आमचे अध्यक्ष, म्हणजे सर, जराही डगमगले नाहीत.

"सांग त्याले, एकाच कंपनीचा माल हाय. पोच्यासकट येते!"

*

शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या हजेरीपटांवर मी एकट्यानं चाळीस सह्या केल्या, अर्ध्या डाव्या हातानं. ऑडिटरनं विचारलं, "या बाई एकाच वेळी अकोल्यात आणि अमरावतीतही हजर?"

सर म्हणाले, "शिकायची लय हौस हाय हो त्याईले!"

*

पातूरजवळच्या एका शाळेत शबाना मॅडम मुख्याध्यापिका. त्यांच्या पोरांकडे पाठ्यपुस्तक सोडलं तर वाचायला काही नव्हतं. फोटोपुरती पुस्तकं हातात मिळाली. तेवढ्यात चौथीतली मुस्कान नवव्या पानापर्यंत पोचली, आणि कपाट निघालं! ती टेम्पोमागे धावत आली.

"गजूभाऊ, सशाचं पुढं काय झालं?"

"मले काय मालूम बेटा? मी गाडी चालोतो."

मला फार लाज वाटली. पगार मात्र घेतला.

*

पुढच्या वर्षी त्याच शाळेत एक परदेशी पाहुण्या बाई आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना तिवशाची शाळा दाखवायची होती, म्हणून टेम्पो फाटकातच उभा. शबाना मॅडमनी टेबलावर पेन ठेवला आणि मला म्हणाल्या, "सांगा बाईले, आमच्याकडे पाहुणा आपल्या हातानं नाव लिहून भेट देते."

बाई हरखल्याच. सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि एकेका पुस्तकावर एकेका पोराचं नाव लिहीत सुटल्या. खाली सही! पोरं पुस्तक छातीशी धरून थेट घरी पळत होती. दोन तासांत कपाट रिकामं झालं.

सर घामाघूम. मॅडमना बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, आता उद्या तिवशात मी दाखवू काय?"

"कपाट दाखवा ना सर. ते कुठं ठेवून घेतलं आमी?"